सोडल्यानंतरच्या तीन रात्री



मानसोपचाराच्या डॉक्टरला जुन्नर-आंबेगावच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद देणं तसं जोखमीचं. तुम्ही ती जोखीम घेतलीत, आता तास-अर्धा तास सोसायला हवा. अध्यक्षाने मराठीच्या भवितव्यावर, ओसरत्या वाचनावर आणि तरुणांच्या मोबाइलवर बोलावं अशी रीत आहे. माझ्याआधीच्या अध्यक्षांनी या तिन्हींवर एवढं बोलून ठेवलंय की अजून काही वर्षं सहज पुरेल. मी बोलणार आहे ते दारू सोडलेल्या माणसाला पहिल्या दोन-तीन रात्री जे आवाज ऐकू येतात, त्यांच्याबद्दल. विषय दवाखान्यातला वाटेल, पण माझी तक्रार साहित्याकडे आहे.

दारूवर मराठीत कमी लिहिलं गेलेलं नाही. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं. ते पाहायला गडकरी राहिले नव्हते, त्याच वर्षीच्या जानेवारीत ते गेले. शंभर वर्षं होऊन गेली, तरी दारूचा विषय निघाला की सुधाकर, सिंधू आणि तळीराम आपल्यापुढे येऊन उभे राहतात. ३१ डिसेंबरला पोलीस कुणाला पकडतात, तर वर्तमानपत्रांच्या हिशेबी तळीरामांना. आता या नाटकातला सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो आणि पुन्हा तिच्याकडे वळतो. का वळतो, याचं उत्तर गडकरी त्याच्या दुखावलेल्या मानीपणात शोधतात. ते उत्तर खोटं नाही. पण नाटक बघताना माझ्यातल्या डॉक्टरला एक गद्य प्रश्न पडतो: सोडल्यानंतरच्या दुसऱ्या रात्री सुधाकर झोपला होता का? त्याचे हात कापत होते का? त्याला काही ऐकू येत होतं का? त्या रात्रीला नाटकात प्रवेश नाही.

तमाशातही नाही. नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन यात्रेची सुपारी देतात; त्या फडांच्या वगांतला दारुड्या धडपडतो, बरळतो, लोक हसतात. कीर्तनातल्या दृष्टान्तातला दारुड्या माळ घालतो, बुवा विठ्ठलाचा गजर करतात, दृष्टान्त संपतो. पिणाऱ्याची हकिगत आपल्याकडे उदंड आहे. सोडणाऱ्याची हकिगत शपथेपाशी थांबते, आणि शरीराच्या दृष्टीने ती तिथेच सुरू होते.

काय होतं ते जरा सविस्तर सांगते. अनेक वर्षं रोज पिणारा, सकाळी हात कापतात म्हणून चहाच्या आधी घोट घेणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. त्याने एकदम सोडली की सहा-आठ तासांत कापरं सुरू होतं, घाम फुटतो, मळमळतं, छाती धडधडते. इथवर गावात सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं मात्र फारसं कुणी सांगत नाही. साधारण बारा ते चोवीस तासांच्या दरम्यान काहींना आवाज येऊ लागतात. सगळ्यांना नाही, काहींना. आधी साधेच. पत्र्यावर कुणीतरी खडे टाकतंय. विहिरीवरची मोटार चालू राहिलीय. लांब कुठल्या वाडीवर हलगी वाजतेय. मग त्यात शब्द येतात. भिंतीपलीकडे दोघे-तिघे बोलत बसलेत, आणि पुष्कळदा ते त्याच्याशी बोलत नसतात, त्याच्याबद्दल बोलत असतात. सोसायटीचं थकलेलं कर्ज काढतात, बायकोची मोडून खाल्लेली पोत काढतात, भावकीतल्या बांधाचं भांडण काढतात. आज याला सोडायचा नाही, असं ठरवतात. माझ्यापुढे बसून लोकांनी सांगितलेल्या हकिगतींत हे बोलणारे बहुधा ओळखीचे असतात: चुलता, उधारीवाला दुकानदार, कधी मेलेला बाप. कथाकारांनी हेवा करावा इतके ते संवाद नेमके असतात. (पात्रं आमच्याशी बोलतात असं आपण लेखक मुलाखतींत सांगतो. ते हे नव्हे. पात्रं कंटाळा आला की गप्प बसतात.)

यातली सगळ्यात फसवी गोष्ट अशी, की हा माणूस शुद्धीवर असतो. नाव विचारा, वार विचारा, डेअरीत कालचा फॅट किती लागला ते विचारा, बरोबर सांगतो. त्यामुळे घरच्यांचीही पंचाईत होते. एवढं सगळं नीट बोलतोय, मग आवाजांचं तेवढं खोटं कसं? मग दोनच अर्थ उरतात. एक, खरंच कुणीतरी त्याच्या वाइटावर आहे. दुसरा, बाहेरचं काहीतरी आहे. पहिला अर्थ लागला तर माणूस कोयता घेऊन भावाच्या दारात जातो. दुसरा लागला तर देवऋषी, अंगारा, उतारा. आंबेगावच्या पश्चिमेला डोंगरात राहणारा असेल तर भगत.

भगताकडे नेणाऱ्या माउलीला मी हसत नाही. रात्री दोन वाजता तिला कुणीतरी दार उघडलं, एवढं खरं आहे. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आला. त्याच दाभोलकरांनी साताऱ्यात व्यसनमुक्तीचंही काम उभं केलं होतं, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात राहिलेलं नाही. व्यसनमुक्ती आणि अंधश्रद्धा निर्मूलन ही दोन कामं त्यांनी का जोडून घेतली असतील, ते अशा एखाद्या रात्री त्या घरात बसलं की कळतं.

आता कारण. दारू मेंदूला सतत मंद करते. मेंदू हुशार असतो, तो हळूहळू स्वतःचा शांत करणारा भाग ढिला करतो आणि चेतवणारा भाग वाढवतो, म्हणजे हिशेब जुळतो. शास्त्रात यांना अनुक्रमे गाबा आणि ग्लुटामेट यांच्या यंत्रणा म्हणतात. हँडब्रेक ओढलेला ठेवून, वर ॲक्सिलरेटर दाबून वर्षानुवर्षं चालवलेली गाडी समजा. माळशेजच्या उतारावर तो ब्रेक एकदम सुटला, तर जे होईल ते दारू एकदम सोडल्यावर मेंदूत होतं. कानाला काहीही झालेलं नसतं. ऐकण्याचं काम करणारा मेंदूच बाहेर आवाज नसताना पेटतो.

बहुतेकांचे हे आवाज दिवस-दोन दिवसांत विरतात. थोड्यांचे आठवडे टिकतात, क्वचित महिनेही, आणि मग त्यांचे वेगळे उपचार लागतात. पण याच काळात आणखी दोन गोष्टी रांगेत उभ्या असतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींची शुद्ध हरपते: घर कुठलं, शेत कुठलं कळत नाही, ताप चढतो, अंगावर किडे नि साप दिसतात. या अवस्थेला इंग्लंडच्या थॉमस सटन यांनी १८१३ मध्ये डेलिरियम ट्रेमेन्स हे नाव दिलं. उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावू शकतो.

हे सगळं दारूमुळे होतं की दारू थांबल्यामुळे, यावर डॉक्टरांतच विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाद होता. तो मिटवणारा एक प्रयोग अमेरिकेत लेक्सिंग्टनच्या सरकारी इस्पितळात झाला आणि १९५५ मध्ये हॅरिस इस्बेल यांनी तो प्रसिद्ध केला. तिथे ठेवलेल्या कैद्यांना आठवडेच्या आठवडे दारू पाजली आणि मग बंद केली. चांगलं खाऊ-पिऊ घातलेल्या त्या माणसांनाही थांबवल्यावर कापरं, भास, फिट हे सगळं झालं. असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, देऊही नये. पण आपल्याकडे दर पावसाळ्यात तो घरोघरी होतो, आणि त्याची नोंद कुणी ठेवत नाही.

मी गटारीबद्दल बोलतेय. आषाढ अमावस्येला उद्यापासून बंद म्हणून पोटभर पितात आणि दुसऱ्या दिवशी श्रावण पाळतात. अधूनमधून पिणाऱ्याला याने काही होत नाही. रोज पिणाऱ्याला होतं. श्रावणात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ‘बाहेरचं’ झालेला माणूस घरचे आधी देवाला आणि मग दवाखान्यात नेतात. ओतूरच्या कपर्दिकेश्वराला श्रावणी सोमवारी लोटणाऱ्या गर्दीत नवसाची कारणं विचारत फिरलं तर एखादा कथासंग्रह होईल. व्रताला माझा विरोध नाही. माळ घालून आयुष्यभर कोरडी राहिलेली माणसं मी पाहिलीत, आणि गोळ्या खाऊन पंधरवड्यात परत गुत्त्यावर गेलेलीही. माझं म्हणणं एवढंच की रोज पिणाऱ्याने संकल्प करायच्या आधी डॉक्टरला दाखवावं. दर श्रावणात सोडून पुन्हा धरणाऱ्याने तर नक्कीच. अशा वारंवार सोडण्या-धरण्याने मेंदू अधिकाधिक चटकन पेटतो, आणि आधीच्या खेपेला नुसते हात कापलेल्या माणसाला पुढच्या खेपेला फिट येऊ शकते. घरचे मात्र म्हणतात, मागच्या वर्षी काही झालं नव्हतं, औंदा कुणीतरी केलंय.

उपचार अवघड नाहीत. मेंदू शांत करणाऱ्या गोळ्या पहिल्या दिवशी जास्त, मग पायरीपायरीने कमी करत काही दिवसांत बंद. त्या डॉक्टरांनीच द्यायच्या; मेडिकलमधून परस्पर आणल्या तर एक व्यसन जाऊन दुसरं येतं. दुसरं औषध थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. आपल्या भागात अशक्त माणूस दिसला की सलाईन लावा म्हणतात. पण दारूने थायमिन संपलेल्या शरीरात नुसतं साखरेचं सलाईन चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आधी थायमिन, मग साखर. आणि तिसरं, जागं कुणीतरी सोबत हवं. उजेड हवा. फवारणीची औषधं कुलपात हवीत. टोमॅटो आणि द्राक्षांच्या या पट्ट्यात ती घरात नसतात असं घर सापडणं कठीण. आवाजांना भिऊन माणूस घराबाहेर पळतो, आणि आपल्याकडे बाहेर कठडा नसलेली विहीर असते, कालवा असतो, उसात बिबट्या असतो.

आवाजांवर वाद घालू नका, हेही घरच्यांना सांगावं लागतं. “कुणी नाही तिथं, गप झोप” म्हणून उपयोग होत नाही. “तुला ऐकू येतंय हे खरं, मला येत नाहीये, दारू सुटताना असं होतं, दोन दिवसांत जाईल” एवढं बोललेलं पुरतं.

ओतूरचं नाव घेतलं आणि अनिल अवचटांचं घेतलं नाही तर हा मांडव मला माफ करणार नाही. १९४४ मध्ये अवचट ओतूरला जन्मले. डॉक्टर झाले, पण लिहिण्यात रमले. ‘गर्द’च्या व्यसनावरची त्यांची लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी पैसे देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. ते चालवलं डॉ. अनिता अवचटांनी, म्हणजे सुनंदाबाईंनी. तिथल्याच मनोरुग्णालयात त्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या. मला या हकिगतीत जिव्हाळ्याचं वाटतं ते हे, की एक व्यसनमुक्ती केंद्र लेखामुळे निघालं. सरकारी अहवालाने जे झालं नाही ते गद्याने केलं. पण अवचटांनी जे वृत्तांतात आणलं, ते आमच्या कथा-कादंबरीत मला फार थोडं सापडतं.

लिहिलं तर काय हाती लागतं, याचं एक परदेशी उदाहरण देते. डिसेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलात बिल विल्सन नावाचा दिवाळखोर दारुडा दाखल होता. तिथे तेव्हा बेलाडोना देत. ही वनस्पती आपल्या धोतऱ्याच्या कुळातली, स्वतःच भास घडवणारी. सोडल्यानंतरच्या त्या दिवसांत त्याला खोलीभर लख्ख प्रकाश दिसला आणि अंगातून वारा वाहून गेल्यासारखं वाटलं. त्याने डॉक्टर सिल्कवर्थना विचारलं, मला वेड लागलंय का? डॉक्टरांनी त्याची टर उडवली नाही. जे मिळालंय ते धरून ठेव, अशा अर्थाचं ते बोलले. पुढच्याच वर्षी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांची संघटना सुरू झाली. तो प्रकाश देवाचा होता की बेलाडोनाचा, हा वाद मी सोडवू शकत नाही. पण त्या माणसाने ती रात्र लपवली नाही, पुन्हा पुन्हा सांगितली, आणि ते ऐकून दुसऱ्यांनी आपापली सांगितली. त्या संघटनेच्या बैठकीत आजही मुख्य काम तेच असतं.

आपल्याकडे ती रात्र सांगितली जात नाही. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळालेला असतो. बाकीचे सोडत नाहीत असं नव्हे. ते घरीच सोडतात, पडवीत, गोठ्यात, मळ्यातल्या खोपीत. २०२० च्या टाळेबंदीत २५ मार्चपासून मेच्या सुरुवातीपर्यंत दारूची दुकानं बंद होती, तेव्हा देशभर कित्येकांना सक्तीने सोडावी लागली. केरळ सरकारने तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला आणि उच्च न्यायालयाने तो थांबवला. कोरोनावर आपल्याकडे इतक्या कविता आल्या, की संपादकांनी हात टेकले. या माणसांवरची एक माझ्या वाचनात नाही.

आणि बायकोची बाजू तर कुणी मांडलेलीच नाही. सिंधू आपल्याला सोसणारी म्हणून माहीत आहे. पण नवऱ्याने सोडल्यावर, सगळं गाव अभिनंदन करत असताना, रात्री तो भिंतीकडे तोंड करून कुणाला तरी उत्तरं देतो, आणि उत्तरांवरून तिला प्रश्न ओळखावे लागतात; त्या प्रश्नांत तिचीही बदनामी असते. ही बाई काय विचार करते? तिला वाटत असेल का, की याने प्यालेलाच बरा? मला वाटतं, काहींना वाटतं. त्यांनी हे मला ओपीडीत, दार लोटून घेऊन सांगितलंय. हे लिहायला धाडस लागेल, पण त्याशिवाय तिची गोष्ट पुरी होणार नाही.

आता अध्यक्ष म्हणून दोन सूचना, ठरावात घालायच्या की नाही ते तुम्ही बघा. इथे कीर्तनकार आहेत, भजनी मंडळांचे लोक आहेत. माळ घालायला आलेल्याला एवढं विचारा: रोज पितोस का, सकाळी पितोस का, आधी कधी सोडल्यावर फिट आली होती का? यातलं काही हो असेल तर माळ घाला आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा. गावच्या फलकावर जिथे यात्रेचा जमाखर्च लिहिता, तिथे १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक लिहा. रात्री दोन वाजताही तिथे माणूस बोलतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारूमुळे होणारे मनाचे विकार आजारात धरलेले आहेत, तेव्हा यात लाजण्यासारखं कायद्यानेही काही ठेवलेलं नाही.

दुसरी सूचना आपल्या संमेलनाच्या अंकाच्या संपादकांना. पुढच्या अंकात काही पानं या रात्रींसाठी राखून ठेवा. सोडलेल्यांनी लिहावं, त्यांच्या बायकांनी, आयांनी, मुलांनी लिहावं. लिहिता येत नसेल तर सांगावं आणि शाळेतल्या मास्तरांनी लिहून घ्यावं. भाषा सुधारू नका. नावं मात्र बदला, आणि गावंही बदला, कारण आपल्या या दोन तालुक्यांत नुसत्या मोटारसायकलच्या आवाजावरून माणूस ओळखतात.