हजेरीपटावरचं नाव



धान निघालं, मळणी आटोपली, की चंद्रपूर-गडचिरोलीतली कितीतरी कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात. घरी सांभाळायला कोणी नसलं, की लेकरंही सोबत निघतात. थोरली मुलगी तान्ह्या भावाला सावलीत निजवते आणि आईशेजारी तोडणीला लागते. इकडे शाळेत तिचं नाव पुकारलं जातं, आणि ओ येत नाही.

2020 च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, तेलंगणातल्या मिरचीच्या शेतांतून पायी निघालेली 12 वर्षांची एक मुलगी घर जवळ आलेलं असताना वाटेतच गेली. ती बिजापूर जिल्ह्यातली. इंद्रावतीपलीकडची म्हणून ती आपल्याला परकी नाही.

2016 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवायला कायद्याची बंदी आहे. शाळा सुटल्यावर घरच्या कामाला हात लावायची मुभा आहे. पण शाळाच गावी राहिली, तर ती सुटणार कधी?

हातावर पोट असलेल्या आईबापांना बोल लावून हे थांबणार नाही. त्यांना गावातच काम हवं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तोडणीची मजुरीही गावात आली आणि विक्रीचा पैसाही. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला हा हक्क 2012 मध्ये मिळाला. तिथल्या ग्रामसभेने बांबूवर भर दिला आणि तेंदूपत्ता तोडणं बंद केलं, कारण त्यापायी फांद्या छाटल्या जातात, जंगलाला आगी लागतात. स्वतःच्या जंगलाचा मालक झालेला माणूस असा पुढच्या पिढीचा विचार करू शकतो.

ज्यांना अजून जावंच लागतं, त्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सरकारी सोय आहे. पण ही सोय मजुरांची गाडी सुटण्याआधी सुरू झाली पाहिजे. मुलं गेल्यावर यादी करून काय उपयोग? म्हणून मळणीच्या दिवसांतच ग्रामसभा बोलवा. कोण जाणार, कोणाची लेकरं मागे ठेवायची, ती कुठे जेवतील, कुठे निजतील, हे तिथेच ठरवा. एखादं मूल राबताना दिसलं, तर 1098 वर फोन करा.

यंदाच्या हंगामात नाव पुकारलं, की शाळेतून ओ आली पाहिजे.