पंचांग पाहून सिंधुदुर्गला



दिवाळीची सुट्टी लागली की आपल्या कोल्हापुरातल्या गाड्यांची तोंडं मालवणकडे वळतात. मालवणला जायचं म्हणजे सिंधुदुर्ग पाहायचाच. पण सिंधुदुर्ग हे कुरटे नावाचं बेट आहे, हे धक्क्यावर पोचेपर्यंत पुष्कळांच्या ध्यानात नसतं. पन्हाळ्याला गाडी थेट वर जाते. इथं मध्ये समुद्र आहे आणि तो आपल्या घड्याळावर चालत नाही.

आधी रस्त्याचं सांगतो. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. गगनबावड्याकडून उतरा किंवा राधानगरीवरून फोंड्याच्या घाटानं, चार तास हाताशी धरा. घाटात दुरुस्त्या निघत असतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. एस.टी. आहे. कोल्हापूरहून थेट रेल्वे मात्र नाही. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. मेअखेरीपासून ऑगस्टपर्यंत गेलात तर किनाऱ्यावरूनच तटाला नमस्कार करून परतावं लागेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. एप्रिल-मेमध्ये उन्हाच्या आत, सकाळी लवकर किल्ला पाहून घ्यावा.

आता मुख्य गोष्ट, भरती-ओहोटीची. कोकणातल्या दर्यावर्दी माणसाचा एक जुना हिशेब आहे. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. आज अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती, दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला तिथी पंधरावी, म्हणजे सव्वाअकरा. हिशेब ढोबळ आहे, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर घरबसल्या करता येतो. आमच्या घरी महिना चंद्र पाहूनच बदलतो, ईदेच्या चंद्रासाठी सगळी गल्ली गच्चीवर जमते. तोच चंद्र मालवणात होडीवाल्याला वेळ सांगत असतो, याची मला मोठी गंमत वाटते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, चढउतार कमी. लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर भांगाचे दिवस बघून जावं.

हे एवढ्या तपशिलानं सांगण्याचं कारण आहे. आपण कोल्हापूरकर विहिरीत आणि पंचगंगेत पोहायला शिकलेली माणसं. त्यामुळं पाण्याची भीती नसते, उलट थोडा माजच असतो. पण विहिरीचं पाणी तुम्हाला कुठं ओढून नेत नाही. समुद्र नेतो. एप्रिल 2017 मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेल्यांपैकी आठ जण बुडाले. कॉलेजची तरणीताठी मुलं होती. बेळगाव काय आणि कोल्हापूर काय, घाटावरचेच आपण. त्या बातमीनंतर आमच्या भागातल्या कितीतरी घरांत सहलीचं नाव काढायची सोय राहिली नव्हती. सहली बंद करून काय होणार? ओहोटी लागली असताना पाण्यात उतरू नये, कमरेच्या वर जाऊ नये, हे मुलांना निघण्याआधी घरात सांगायला हवं. प्रवाह आत ओढायला लागला तर त्याच्याशी झुंजत सरळ काठाकडे येऊ नये, दम संपतो. काठाला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडावं आणि मग वळावं. स्थानिक कोळी ‘इथं नको’ म्हणाला तर वाद घालू नये. घालणारे मी पाहिले आहेत.

होडीचंही तसंच. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. लाइफ जॅकेट फोटोपुरतं घालून काढू नका, बंद बांधा. होडी गच्च भरली असेल तर पुढची घ्या. पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे.

किल्ल्यावर होडीवाले तासाभरात परत या म्हणतात. तेवढ्यात काही होत नाही. अठ्ठेचाळीस एकरांचं बेट, सुमारे तीन किलोमीटरचा तट. अडीच-तीन तास हवेत, ते आधीच ठरवून घ्या. दोन बुरुजांच्या आड दडलेला दरवाजा जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. तिथंच घुमटीत महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे. राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वर मंदिरात दाढी नसलेले शिवराय पाहायला मिळतात, आणि त्या देवळाचा सभामंडप आपल्या शाहू महाराजांनी बांधलेला. हा किल्ला कोल्हापूरच्या गादीचाच होता. 1765 मध्ये इंग्रजांनी घेऊन त्याचं ‘फोर्ट ऑगस्टस’ असं बारसं केलं, पुढच्याच वर्षी तो कोल्हापूरला परत मिळाला आणि 1812 च्या तहात मालवणसह कायमचा गेला. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत सिंधुदुर्गही आहे, त्यामुळं गर्दी वाढणार.

दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी चुकवू नका. चहूकडे खारं पाणी आणि आत गोडं. किल्ल्यावर काही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यांचा संसार याच पाण्यावर चालत आला आहे. म्हणून विहिरीत काही टाकू नका, पिण्याचं पाणी घरून न्या आणि रिकाम्या बाटल्या पिशवीत घालून परत आणा. तिथला कचरा बाहेर काढायचा तर त्यालाही होडीच लागते.