मतदाराने केंद्राच्या दारातून परतू नये



माजरी हे चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातील कोळशाचे गाव. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी, कामगार वसाहती आणि रेल्वेचे जंक्शन यांमुळे येथील वस्ती स्थिर राहत नाही. कोणाची बदली होते, कोणी निवृत्त होऊन मूळ गावी जातो, कंत्राटी कामगार तर दर हंगामात बिऱ्हाड हलवितो. अशा गावची मतदार यादी बिनचूक ठेवणे सोपे नव्हे. यादीतील चुकीचा फटका मात्र मतदानाच्या दिवशीच बसतो. “तुमचे मत पडून गेले” असे ऐकून माणूस मुकाट्याने माघारी फिरतो, आणि त्याच्या फिरण्याची नोंद कोठेही होत नाही.

वास्तविक कायद्याने त्याच्यासाठी वाट ठेवलेली आहे. १९६१ च्या निवडणूक नियमांनुसार आपल्या नावावर दुसऱ्याच कोणी मत दिले असेल, तर मतदाराने मतदान केंद्राध्यक्षाकडे ‘प्रदत्त मत’ मागावे. केंद्राध्यक्षाने विचारलेल्या प्रश्नांना समाधानकारक उत्तरे दिली की त्याला यंत्राऐवजी कागदी मतपत्रिका मिळते. त्याची सही किंवा अंगठा वेगळ्या यादीत घेतला जातो व मतपत्रिका पाकिटात बंद होते. हे मत मतमोजणीत धरले जात नाही. मग त्याचा उपयोग काय, असा प्रश्न कोणीही विचारील. निवडणूक याचिकेत उच्च न्यायालय अशी पाकिटे उघडून पाहू शकते, आणि जेथे फरक थोडा असतो तेथे त्यांना मोल येते. २००८ साली राजस्थानातील नाथद्वारा विधानसभा मतदारसंघाचा निकाल एका मताने लागला. मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघात २०२४ मध्ये फरक अवघ्या ४८ मतांचा होता. तेथील याचिकेतही प्रदत्त मतांचा मुद्दा उपस्थित झाला होता. ती याचिका पुढे फेटाळली गेली, ही गोष्ट निराळी.

दुसरा प्रसंग बदलीच्या गावी अधिक घडतो. केंद्रावर गैरहजर, स्थलांतरित व मृत मतदारांची एक स्वतंत्र यादी असते. तीत नाव आहे एवढ्यावरून मूळ यादीतील मतदाराचा हक्क बुडत नाही. केंद्राध्यक्षाने ओळखपत्र स्वतः तपासून, सही व अंगठ्याचा ठसा घेऊन त्याला मत देऊ द्यावयाचे असते. कागदावर मृत ठरलेला मनुष्य समोर उभा असताना यादीवर विसंबणे शहाणपणाचे नव्हे!

ओळखीसाठी केवळ मतदार चिठ्ठी २०१९ पासून चालत नाही. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार कार्ड, छायाचित्र असलेले बँक वा टपाल खात्याचे पासबुक, रोजगार हमीचे जॉब कार्ड, तसेच सार्वजनिक उपक्रमाने दिलेले छायाचित्रासह सेवा ओळखपत्र चालते. म्हणजे खाण कर्मचाऱ्याचा पुरावा बहुधा त्याच्या खिशातच असतो.

पाळीचा प्रश्नही आहेच. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३५ ब नुसार कामगाराला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी मिळते. रोजंदारीवरील कामगारही यातून वगळलेला नाही. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान संभवते, त्याला ही तरतूद लागू नाही. खाणीतील पाणी उपसणारे पंप चालविणाऱ्याचे उदाहरण सहज डोळ्यांपुढे येते. त्याच्यासाठी राज्य शासनाची परिपत्रके दोन ते तीन तासांची सवलत देण्यास सांगतात. ती कंत्राटदारांपर्यंत पोहोचली की नाही, हे ग्रामपंचायत सदस्यांनी आधीच विचारून ठेवावे.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मतदान दुपारी ३ वाजता संपले. दूरच्या पाड्यावरून चालत येणाऱ्याला ही वेळ फार लवकर येते. परंतु वेळ संपताना जो रांगेत उभा आहे, त्याला चिठ्ठी देऊन त्याचे मत घेतलेच पाहिजे.

यादीत नावच नसेल तर मात्र त्या दिवशी काही उपाय चालत नाही. नव्या नावासाठी नमुना ६ व पत्ता बदलल्यास नमुना ८ भरावा लागतो. हे अर्ज भरून घेण्यास शिक्षकांइतकी जवळची व्यक्ती गावात दुसरी नाही, कारण कोणाच्या घरी कोण अठरा वर्षांचे झाले हे त्यांना ठाऊक असते. २०२२ पासून वर्षाला चार अर्हता दिनांक आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. उमेदवारी अर्ज भरण्याची अखेरची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरते यादीत नाव घालता येत नाही.