बाळंतिणीच्या खाटेवरचा वर्णभेद

(पक्षाच्या जिल्हा अभ्यासवर्गात दिलेले भाषण, किंचित संक्षेपाने)

अमेरिकेतील कृष्णवर्णीय माता आणि अर्भके हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर पाहून काहींनी मला विचारले, की आपल्याच तालुक्याच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर टिकत नसताना सातासमुद्रापलीकडच्या बाळंतिणींची चिंता आपण कशासाठी वाहायची? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर एवढेच, की ही चिंता महाराष्ट्राला नवी नाही. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली, ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिले आणि संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निवेदनाची प्रत मागितली. १९७२ साली मुंबईत तरुणांनी संघटना काढली, तेव्हा ‘ब्लॅक पँथर’वरूनच तिचे नाव ‘दलित पँथर’ ठेवले. ज्यांच्या लढ्याचे नाव आपण उसने घेतले, त्यांच्या घरातील बाळंतपण कसे पार पडते याची विचारपूस करणे हे आपले काम नाही, असे कोण म्हणेल?

प्रथम आकडे. अमेरिका हे जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्र. आरोग्यावर माणशी इतका पैसा दुसरा कोणताही देश खर्च करीत नाही. त्या देशात २०२३ साली दर एक लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या स्त्रियांचे मातामृत्यू १४.५ होते आणि कृष्णवर्णीय स्त्रियांचे ५०.३. म्हणजे जवळजवळ साडेतीन पट. आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, हेच आकडे १९ आणि ४९.५ असे होते. जरा थांबून या चार आकड्यांकडे पाहा. करोनाची लाट ओसरली, गोऱ्या स्त्रियांचा दर खाली आला. कृष्णवर्णीय स्त्रियांचा जागच्या जागी राहिला. अर्भकांचे चित्र निराळे नाही. २०२२ साली हजार जिवंत जन्मांमागे गोऱ्या मातांची साडेचार बाळे वर्षाच्या आत दगावली, कृष्णवर्णीय मातांची जवळजवळ अकरा. आणि मातामृत्यूंची छाननी करणाऱ्या तेथील समित्यांचाच निष्कर्ष असा आहे, की २०१७ ते २०१९ या काळातील दर पाचांपैकी चारांहून अधिक मृत्यू टाळता आले असते.

आता ही गरिबीचीच गोष्ट आहे, असे आपण समाजवादी चटकन म्हणून टाकू. मीही बरीच वर्षे तसेच म्हणत आलो. वर्गाचा प्रश्न सुटला की वर्णाचा आणि जातीचा आपोआप सुटेल, ही आपली जुनी खोड आहे, आणि या विषयाने ती मला सोडायला लावली. २००७ ते २०१६ या दशकातील मृत्यूंचा अभ्यास सांगतो, की महाविद्यालयीन पदवी घेतलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीचा गरोदरपणाशी संबंधित मृत्यूचा धोका तितक्याच शिकलेल्या गोऱ्या स्त्रीच्या पाचपटींहून अधिक होता. एवढेच नव्हे, तर ज्या गोऱ्या स्त्रीने शाळाही पुरी केलेली नाही तिच्याहूनही तो अधिक होता. कॅलिफोर्नियातील जन्मांची नोंद कुटुंबाच्या उत्पन्नाशी जुळवून पाहणारा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत श्रीमंत कृष्णवर्णीय मातांच्या बाळांची स्थिती सर्वांत गरीब गोऱ्या मातांच्या बाळांपेक्षा वाईट आढळली. तेव्हा पैसा मधे येतो, पण पैशाने सारे उलगडत नाही.

मग हा रक्ताचा, वंशाचा दोष म्हणायचा काय? तसे म्हणणारे पंडित तेथे पुष्कळ होऊन गेले. त्यांना १९९७ साली शिकागोतील डेव्हिड आणि कॉलिन्स या दोन डॉक्टरांनी साधे उत्तर दिले. त्यांनी इलिनॉय राज्यातील बाळांची जन्मवेळची वजने ताडून पाहिली. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या मातांच्या बाळांचे सरासरी वजन ३,४४६ ग्रॅम, आफ्रिकेतून येऊन स्थायिक झालेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे ३,३३३, आणि अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे ३,०८९. रक्त आफ्रिकेचे असूनही पहिली पिढी गोऱ्यांच्या जवळ राहते. पुढे त्याच संशोधकांना असे दिसले, की तिच्या मुलींची बाळे वजनाने घटू लागतात. बाळाला हलके करणारी वस्तू बाहेरून आलेली नाही. ती त्या देशातच अंगाला लागते. आर्लिन जेरोनिमस या संशोधिकेने १९९२ साली या झिजेचा सिद्धान्त मांडला: अपमान, असुरक्षितता आणि सततची दक्षता यांनी शरीर अकाली जीर्ण होते. ऊनपावसाने लाकूड झिजावे तसे.

शरीर झिजते हे एक. दवाखान्यात शब्द खाली पडतो हे दुसरे. २०१७ साली टेनिसपटू सेरेना विल्यम्स बाळंत झाली. तिला पूर्वी फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेली होती. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी धाप लागताच तिने स्वतःच रोग ओळखला, कोणती तपासणी करा आणि कोणते औषध द्या तेही सांगितले. परिचारिकेला वाटले, वेदनाशामकामुळे बाई भ्रमात बोलत आहेत. तिने हट्ट धरला म्हणून तपासणी झाली, आणि गुठळ्या सापडल्या. ही जगज्जेत्या स्त्रीची कथा. जिच्या हातात हट्ट धरण्याइतकी सत्ता नाही तिचे काय होत असेल? २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातील गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची आणि निवासी डॉक्टरांची पाहणी झाली, तेव्हा काळ्या माणसाची कातडी जाड असते यांसारखी एखादी तरी खोटी समजूत निम्म्यांना खरी वाटत असल्याचे दिसले.

या समजुतीचा इतिहास प्रसूतिशास्त्राच्या पायातच पुरलेला आहे. १८४५ ते १८४९ या काळात अलाबामातील माँटगोमेरी येथे मॅरियन सिम्स या शल्यविशारदाने गुलाम स्त्रियांवर, भूल न देता, पुनःपुन्हा शस्त्रक्रिया केल्या. त्यांतील तिघींची नावे आपल्याला ठाऊक आहेत: अनार्का, बेट्सी, ल्यूसी. सिम्सचा पुतळा न्यूयॉर्कच्या उद्यानातून हलवायला २०१८ साल उजाडले. १९६१ साली मिसिसिपीत फॅनी लू हेमर ही शेतमजूर स्त्री गाठ काढण्यासाठी रुग्णालयात गेली आणि तिला न विचारता तिचे गर्भाशय काढून टाकण्यात आले. पुढे हीच बाई मताधिकाराच्या लढ्याची नेती झाली. आणीबाणीतील नसबंदीची छावणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यावर भाष्य नको.

पण साथींनो, केवळ दुःखाची यादी वाचायला मी उभा नाही. हीच मिसिसिपी दुसरेही शिकवते. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी १८८७ साली तेथे माउंड बायू हे आपले गाव वसवले. गोऱ्यांची रुग्णालये दारात उभे करीत नसत, म्हणून १९४२ साली एका परस्परसाहाय्य मंडळाच्या सभासदांनी आपल्या वर्गणीतून तेथे स्वतःचे रुग्णालय उभारले. त्याच गावात १९६७ साली डॉ. जॅक गायगर आणि जॉन हॅच यांनी सरकारी दारिद्र्यनिर्मूलन निधीतून आरोग्य केंद्र सुरू केले. गायगर तरुणपणी दक्षिण आफ्रिकेत सिडनी कार्क यांच्या केंद्रात शिकून आले होते. समोर येणारी मुले उपासमारीने खंगलेली. तेव्हा डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाजी, मांस लिहून देऊ लागले. गावातला दुकानदार जिन्नस देई आणि बिल केंद्राच्या औषधखात्यात पडे. निधी देणारे अधिकारी खवळले. गायगरांचे म्हणणे एवढेच, की वैद्यकाच्या पुस्तकात कुपोषणावर अन्न हेच औषध सांगितले आहे. केंद्र तेथे थांबले नाही. विहिरी खणल्या, संडास बांधले, सुईणी घरोघर फिरल्या, आणि भूमिहीन झालेल्या शेकडो कुटुंबांनी सहकारी शेती करून भाजीपाला पिकवला. सहकाराचा अभिमान मिरवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्याने असे एखादे बाळंतगृह चालवले काय, हे मी विचारीत नाही.

दुसरा धडा कायद्याचा. १९६४ चा नागरी हक्क कायदा कागदावर होता. दक्षिणेतील रुग्णालयांचे वॉर्ड वेगळेच होते. १९६६ साली वृद्धांच्या सरकारी विम्याचा, मेडिकेअरचा, पैसा सुरू होणार होता. सरकारने अट घातली, की वर्णभेद पाळणाऱ्या रुग्णालयाला एक डॉलरही मिळणार नाही. काही महिन्यांत सुमारे हजार रुग्णालयांनी दारे उघडली. नीतीच्या उपदेशाने शंभर वर्षांत झाले नाही ते तिजोरीच्या किल्लीने झाले. आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मिसिसिपीतील कृष्णवर्णीय अर्भकांचे हगवणीने आणि न्यूमोनियाने होणारे मृत्यू झपाट्याने उतरले.

तंत्राने किती होते आणि किती होत नाही, हे कॅलिफोर्नियात दिसते. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावासाठी साहित्याची गाडी सज्ज ठेवणे, रक्त डोळ्यांनी अंदाजण्याऐवजी मोजणे, अशा उपायांनी २००६ ते २०१३ या काळात राज्याचा मातामृत्युदर निम्म्याहून खाली आला. काळ्यागोऱ्यांमधील दरी मात्र उरली. येथे एक सावधगिरी. २०२० साली एका अभ्यासाने सांगितले, की कृष्णवर्णीय डॉक्टरच्या हाती कृष्णवर्णीय अर्भके अधिक जगतात. आपल्या बाजूने तो फार उद्धृत झाला. २०२४ च्या फेरतपासणीत, अतिशय कमी वजनाच्या बाळांचा हिशेब धरल्यावर, तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. सोयीचा आकडाही तपासून घ्यावा; आपली बाजू एका आकड्यावर उभी नाही.

निम्म्याहून अधिक मृत्यू बाळंतपणाच्या पहिल्या आठवड्यानंतर वर्षभरात घडतात. कृष्णवर्णीय स्त्रियांत हृदयविकार अग्रभागी असतो. आणि गरिबांचा सरकारी विमा, मेडिकेड, बाळंतिणीला साठ दिवसांनी वाऱ्यावर सोडीत असे. २०२१ च्या कायद्याने राज्यांना तो वर्षभर देण्याची मुभा मिळाली. मिसिसिपीने ती घ्यायला २०२३ उजाडले. पगारी प्रसूतिरजेचा राष्ट्रीय कायदा त्या देशात नाही. १९९३ चा कायदा बारा आठवड्यांची बिनपगारी रजा देतो, तीही मोठ्या आस्थापनांत. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाची बाजू १९२८ साली मांडली होती, हे आठवून मनात थोडा अभिमान वाटतो. आपल्या ऊसतोड मजूर स्त्रीला तो लाभ किती मिळतो हे आठवले की तो ओसरतो.

जुलै २०२५ मध्ये मेडिकेडला मोठी कात्री लावणारा कायदा तेथे संमत झाला. त्याआधी, एप्रिलमध्ये, गरोदर आणि बाळंत स्त्रियांची राष्ट्रीय पाहणी चालवणाऱ्या सरकारी तुकडीलाच घरी पाठवण्यात आले. मला ही दुसरी गोष्ट अधिक भयंकर वाटते. आज मी जे आकडे वाचले ते वर्णवार नोंदले गेले, म्हणून वाचता आले.

आपल्याकडे मातामृत्यूचे जे अधिकृत दर नमुना नोंदणीतून निघतात, ते राज्यवार असतात, जातवार नसतात. जिल्ह्यात बाळंतीण दगावली तर तिच्या मृत्यूचे परीक्षण व्हावे, जिल्हाधिकाऱ्यांपुढे ते यावे, अशी पद्धत आहे. गेल्या तीन वर्षांतील आपल्या जिल्ह्याच्या परीक्षणांची, नावे वगळून, तालुकावार, जातवार आणि वाटेत किती तास गेले त्यासह यादी मागणारा अर्ज मी लिहून आणला आहे. तो त्या टेबलावर ठेवला आहे. चहाला जाण्यापूर्वी सह्या कराव्यात.