कृषिदूताने परत काय आणावे?



कृषी पदवीच्या अखेरच्या वर्षी विद्यार्थ्याला महाविद्यालय सोडून काही आठवडे खेड्यात राहावे लागते. 'ग्रामीण कृषी कार्यानुभव' हे या उपक्रमाचे नाव. रंधावा समितीच्या शिफारशींनंतर १९९० च्या दशकात तो देशातील कृषी विद्यापीठांत रुजला आणि २०१५ पासून 'स्टुडंट रेडी' या व्यापक कार्यक्रमाचा घटक बनला. महाराष्ट्रात या विद्यार्थ्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. दूत हा शब्द अर्थपूर्ण आहे. दूताने निरोप पोचवायचा असतो, तसेच उत्तर घेऊन परतायचेही असते. पहिले काम बहुधा चोख होते. दुसऱ्या कामासाठी मात्र अहवालात फारशी जागा नसते.

सोयाबीनचेच उदाहरण पाहू. या बियाण्याचे कवच पातळ असते. मळणीत वा हाताळणीत मार बसला की उगवण घटते. म्हणून घरचे बियाणे वापरण्यापूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि काही दिवसांनी कोंब मोजावेत, असे विद्यार्थी शिकवतो. सत्तर दाणे उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. साठच उगवले तर सुमारे ३५ किलो लागते. त्यानंतर बीजप्रक्रिया : आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियमसारखे जिवाणू संवर्धन आणि सावलीत सुकवणे. हा क्रम चुकवू नये. सारे शास्त्रशुद्ध आहे, खर्चही बेताचा. परंतु सत्राचे वेळापत्रक आणि पावसाचे वेळापत्रक नेहमी जुळतेच असे नाही. विद्यार्थी गावात पोचेपर्यंत पेरणी उरकलेली असेल, तर हे प्रात्यक्षिक छायाचित्रापुरतेच उरते. शेतकरी सौजन्याने पाहतो, चहा देतो आणि कोळपणीला निघून जातो. त्याला मागास ठरवणे सोपे आहे. खरे पाहता सल्लाच उशिरा आलेला असतो.

कृषिविस्ताराची सरकारी परंपरा जुनी आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली. पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे स्थापन झाले. आज अशी ७३० हून अधिक केंद्रे आहेत. तरीही शेतकरी कोणाचे ऐकतो? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५९ व्या फेरीत, २००३ मध्ये, हा प्रश्न देशभर विचारला गेला. आधुनिक तंत्राची माहिती कोणत्याही स्रोताकडून मिळवणारी शेतकरी कुटुंबे सुमारे ४० टक्केच होती. प्रगतिशील शेतकऱ्याकडून माहिती घेणारी १६.७ टक्के, निविष्ठा विक्रेत्याकडून १३.१ टक्के, आकाशवाणीवरून १३ टक्के. विस्तार कर्मचाऱ्याकडून अवघी ५.७ टक्के. परीक्षेसाठी हे आकडे लक्षात ठेवावेतच. गावात गेलेल्या विद्यार्थ्याला मात्र त्यांचा अर्थ कृषी सेवा केंद्राच्या बाकावर तासभर बसल्यावर कळतो. शेतकरी तिथे रोगट पान घेऊन येतो, विक्रेता पान पाहतो, बाटली देतो आणि हिशेब वहीत उधार मांडतो. सल्ला, माल आणि उधारी एकाच ठिकाणी मिळते. रिकाम्या हाताने सल्ला देणाऱ्याची स्पर्धा या व्यवस्थेशी आहे. विक्रेत्यांनाच कृषिविषयक पदविका देण्याचा हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेचा २००३ पासूनचा अभ्यासक्रम म्हणूनच व्यवहारी म्हटला पाहिजे.

आता तरुणांविषयी. त्याच पाहणीत, पर्याय मिळाला तर शेती सोडू असे सुमारे ४० टक्के शेतकऱ्यांनी सांगितले होते. गावसभेत शेतीचा विषय निघाला की पुढे ज्येष्ठ बसतात. तरुण दाराशी उभे राहतात किंवा येतच नाहीत. त्यांना शेतीत टिकवण्यासाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेने 'आर्या' हा प्रकल्प २०१५-१६ मध्ये २५ राज्यांतील प्रत्येकी एका जिल्ह्यात हाती घेतला. त्यात अळिंबी, मधमाशीपालन, कुक्कुटपालन, रोपवाटिका अशा व्यवसायांवर भर होता. ही निवड सूचक आहे : या कामांना जमीन थोडी लागते आणि निर्णय घेण्यासाठी थोरल्यांच्या संमतीवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही.

कारण तरुणाची खरी अडचण बहुधा ज्ञानाची नसते. तो पिकाची माहिती मोबाइलवर पाहतो, बाजारभावही पाहतो. ठिबकचे अनुदान वा पीककर्ज मागायला गेला की सातबारा विचारला जातो, आणि त्यावर वडिलांचे, कित्येकदा वारलेल्या आजोबांचे नाव असते. वारसनोंद झालेली नसते. झाली असली तरी भावाभावांत वाटणी राहिलेली असते. विद्यार्थ्याच्या पाठ्यक्रमात या प्रश्नाचे उत्तर नाही. ते महसूल खात्यात आणि बँकेत आहे. तरीही एखादा कृषिदूत अशा तरुणाबरोबर चावडीपर्यंत गेला, वारसनोंदीला कोणते कागद लागतात हे विचारून आला आणि ते दैनंदिनीत लिहिले, तर त्या दिवसाची गणना प्रात्यक्षिकात करायला परीक्षकांची हरकत नसावी.