लहान गावातली ‘कॉर्नर गॅस’

आज एका विनोदी मालिकेबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी ज्यांची नोकरी प्रेअरीतल्या एखाद्या लहान गावात आहे, त्यांनी जरा कान देऊन ऐका. एक पेट्रोलपंप, एक कॉफीचं दुकान, धान्याचं एक एलेव्हेटर आणि तूरडाळ आणायला दीड-दोन तास गाडी, असं तुमचं गाव असेल, तर ‘कॉर्नर गॅस’ बघाच.

२००४ ते २००९ या काळात सीटीव्हीवर तिचे १०७ भाग झाले. गोष्ट घडते सास्काचेवानमधल्या ‘डॉग रिव्हर’ गावात. गाव काल्पनिक, पण चित्रीकरण रजायनाच्या दक्षिणेला रूलो या खऱ्या गावात झालं. मालिकेचा कर्ता आणि नायक ब्रेंट बट स्वतः याच प्रांतातल्या टिस्डेलचा. म्हणून गावाची थट्टा आहे, पण ती घरच्या माणसाने केलेली.

नायक पंप चालवतो. साठ किलोमीटरच्या आत दुसरा पंप नाही, त्यामुळे हा निवांत काउंटरमागे कॉमिक्स वाचतो. ग्राहक कसा टिकवायचा, यावर एमबीएला आम्ही ढीगभर असाइनमेंटी लिहिल्या. त्या सगळ्या ब्रेंटने पाण्यात घातल्या! शेजारचं कॉफीचं दुकान लेसीचं. तिला ते मावशीकडून मिळालं म्हणून ती टोरांटोहून इथे आली. तिच्या शहरी कल्पना आणि गावाची ‘चाललंय ते बरं आहे’ ही वृत्ती, यांची जुंपते. कुणाला जिंकायचंय असंही नाही. लेसीच्या जागी स्वतःला ठेवून बघा, आपल्यापैकी बरेच जण तिथे दिसतील.

मला या मालिकेने इथलं बोलणं शिकवलं. इंग्रजी येत होतं हो, बोलणं येत नव्हतं. ब्रेंटचे वडील ऑस्कर येता-जाता सगळ्यांना ‘जॅकॲस’ म्हणतात. तो शिवीपेक्षा त्यांच्या बोलण्यातला स्वल्पविरामच जास्त आहे. आमचे शेजारी आजोबा चार महिने फक्त थंडीबद्दल कुरकुरत, आणि सकाळी आमच्या दारातला बर्फ आधीच काढलेला असे. दोन्ही गोष्टी त्याच माणसाच्या, हे ऑस्करमुळे उमगलं. डॉग रिव्हरमध्ये शेजारच्या ‘वुलर्टन’चं नाव कुणी काढलं, की सगळे थुंकतात. इथे सकाळी म्हातारी मंडळी कॉफीला जमतात, त्याला ‘कॉफी रो’ म्हणतात. आपला पारच तो. एकदा तिथे हॉकीचा विषय निघाला. मी पलीकडच्या गावाचं नाव घेतलं आणि थुंकल्याचा आव आणला. मोठा हशा झाला. त्यानंतर मला खुर्ची सरकवून मिळायला लागली.

एक उणीव सांगायला हवी. डॉग रिव्हरमध्ये आपल्यासारखं घर दिसत नाही. पोलीस डेव्हिसचं काम क्री समाजातले लॉर्न कार्डिनल करतात आणि झकास करतात, पण आपण स्थलांतरित मंडळी त्या गावात जवळपास नाहीच. त्यासाठी झरका नवाझ यांची ‘लिटल मॉस्क ऑन द प्रेअरी’ बघा. २००७ ते २०१२ मध्ये सीबीसीवर होती, तीही सास्काचेवानातलीच.

संध्याकाळी घरी मराठी मालिका लागतात, लागू द्या. आमच्याकडेही लागतात. पण मुलं शाळेत ज्यावर हसतात ते आपल्याला कळत नाही, आणि जानेवारीत जोडीदार दिवसभर घरात एकटा किंवा एकटी. मग ‘इथे काहीच नाही’ म्हणत दोन वर्षांत कॅल्गरीला सामान निघतं. अशी तीन घरं आमच्याच गावातून गेलेली मी पाहिली आहेत. तेव्हा रोज जेवताना बावीस मिनिटांचा एक भाग लावा, मुलांना सोबत बसवा. विनोद कळला नाही तर त्यांनाच विचारा, ती आनंदाने समजावतात.

उन्हाळ्यात रूलोला जाणार असाल तर एक सांगतो. पंपाचा सेट २०१६ मध्ये पाडला, आणि ‘डॉग रिव्हर’ लिहिलेलं एलेव्हेटर २०२१ मध्ये आगीत गेलं. गाव मात्र आहे. डबा सोबत न्या.