मसेल स्लूची जमीन आणि रेल्वे कंपनी



रेल्वे आली की गावाचा उत्कर्ष होतो, हे विधान खोटे नाही. परंतु तो उत्कर्ष कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न त्यात येत नाही. कॅलिफोर्नियातील मसेल स्लू या शेतकरी वस्तीला 1880 साली त्याचे उत्तर रक्त सांडून मिळाले.

अमेरिकी काँग्रेसने 1866 साली सदर्न पॅसिफिक कंपनीला लोहमार्गाच्या दोन्ही अंगांची जमीन, एक चौरस मैलाचे चौकोन एकाआड एक सोडून, बहाल केली. ही भूमी योकुत्स आदिवासींची होती. त्यांना कोणी विचारले नाही. कंपनीने पत्रके काढून शेतकऱ्यांना आमंत्रण दिले : जमीन कसा, एकरी अडीच डॉलरपासून दर राहील आणि तुम्ही केलेल्या सुधारणांचे मोल त्यात धरले जाणार नाही. पाऊस तोकडा. शेतकऱ्यांनी कालवे खणून किंग्ज नदीचे पाणी रानात आणले, गहू पिकविला. 1877 मध्ये रूळ आले, हॅनफर्ड गाव वसले. नाव मिळाले तेही रेल्वेच्याच एका अधिकाऱ्याचे!

मग कंपनीने दर सांगितला : एकरी चाळीस डॉलरपर्यंत. कालव्यांमुळे जमिनीला जे मोल आले, तेच ती कालवे खणणाऱ्यांना विकू लागली. शेतकऱ्यांनी 1878 मध्ये आपली लीग स्थापन केली. डिसेंबर 1879 मध्ये संघीय न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला.

11 मे 1880 रोजी कंपनीच्या खरेदीदारांना ताबा देण्यासाठी मार्शल आला. एका घरातील सामान रस्त्यावर काढून तो पुढच्या शेतावर गेला, तेथे शेतकरी आडवे आले. पहिली गोळी कोणाची, याविषयी साक्षी जुळत नाहीत. पाच शेतकरी आणि कंपनीच्या बाजूचे दोघे मेले. मार्शलला अडविल्याबद्दल आणखी पाच शेतकऱ्यांना आठ महिन्यांची कैद झाली.

त्याच नोव्हेंबरात मार्क्सने झॉर्गेला पत्र लिहून कॅलिफोर्नियाच्या आर्थिक स्थितीविषयी माहिती मागविली होती. भांडवलाचे केंद्रीकरण इतक्या वेगाने व निर्लज्जपणे अन्यत्र झाले नव्हते, असे त्याचे मत होते.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. रूळ घालणारे चिनी मजूर हे या शेतकऱ्यांचे स्वाभाविक मित्र. पण कॅलिफोर्नियातील असंतोष त्यांच्यावरच वळविण्यात आला आणि 1882 मध्ये चिनी मजुरांना देशाची दारे बंद झाली. कंपनी सुरक्षित राहिली.

मसेल स्लूच्या कित्येक शेतकऱ्यांनी अखेर कंपनीच्या अटीवर जमीन घेतली. बाकीचे कालवे मागे ठेवून निघून गेले.